अंगणात एकच झाड बसेल: जुना सांता रोझा की नवा फ्लेवर किंग?

मृण्मयी_सॅनहोजे

नमस्कार मंडळी. गेली सात-आठ वर्षं इथे नुसती वाचनमात्र आहे, आज पहिला धागा काढतेय. सांभाळून घ्या.

दोन वर्षांपूर्वी सॅन होजेला घर घेतलं. मागचं अंगण म्हणजे रुमालाएवढं, त्यातही एका कोपऱ्यात आधीच्या मालकाने बार्बेक्यूसाठी बांधलेला ओटा. माती बरी आहे, ऊन भरपूर. मोजून एक फळझाड बसेल आणि ते प्लमचं हवं यावर घरात (आश्चर्य म्हणजे) एकमत आहे.

सध्या जानेवारी, त्यामुळे नर्सरीत उघड्या मुळांची झाडं आली आहेत. झाडं कसली, लाकडाच्या भुशात खोचलेल्या काठ्या. गेल्या शनिवारी जाऊन आलो. तिथल्या माणसाने दोन काठ्या पुढे केल्या. एक सांता रोझा, 'तुमच्या शेजारच्या प्रत्येक म्हातारीच्या अंगणात हाच आहे.' दुसरी फ्लेवर किंग. हा प्लुओट, म्हणजे प्लम आणि जर्दाळूचा संकर. त्याबद्दल बोलताना त्याचे डोळे असे चमकले की मी जवळजवळ पैसे काढले होते.

पण सासूबाई सोबत होत्या. त्या सहा महिन्यांसाठी आल्या आहेत. त्यांनी काठीकडे बघून एवढंच म्हटलं, "प्लमला जर्दाळूचं रक्त कशाला? एक धड फळ घे." नवऱ्याचं मत: दोन्ही काठ्या सारख्याच दिसतात, स्वस्त असेल ती घे.

तर प्रश्न असा, की हे प्लुओट प्रकरण खरंच चांगलं आहे का? कोणी घरी लावलंय का? आणि एकच झाड लावलं तर फळ धरेल ना?

कोकणचा_फणस

पहिला! दोन्ही लावा. ओटा पाडा.

बे_एरियातला_बाब्या

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर, कारण तिथेच सगळं अडतं. फ्लेवर किंगला स्वतःचा पराग चालत नाही. जवळपास दुसरा योग्य जोडीदार असल्याशिवाय फुलं येतील, गळतील आणि तू मधमाश्यांना शिव्या देत बसशील. सांता रोझा मात्र एकट्याने फळ धरतो. वर तो फ्लेवर किंगला जोडीदार म्हणूनही चालतो. म्हणून एकच झाड लावायचं तर हिशोब सरळ आहे.

पण चवीचं विचारशील तर मी फ्लेवर किंगचा माणूस. माझ्याकडे फ्रीमाँटला दहा वर्षांचं झाड आहे. फळ बाहेरून काळपट जांभळं, साधंच. कापलं की आत बीटासारखा लालभडक गर. ऑगस्टच्या मध्यावर तयार होतं. झाडावर पूर्ण पिकू दिलं तर त्यात काहीतरी मसालेदार वास येतो, मला तरी नेहमी दालचिनीची आठवण होते. दुकानातल्या प्लमची साल आंबट आणि आठळीजवळचा गर आंबट, मधे जेमतेम गोडाची एक पट्टी. याला तो आंबटपणाच नाही.

हे झालं झाडावर पिकलेल्याचं. दुकानात जे 'डायनासोरची अंडी' म्हणून ठिपकेवाले प्लुओट मिळतात (जात बहुतेक डॅपल डँडी), ते कच्चे तोडलेले असतात. ते खाऊन मत बनवू नकोस.

शंका_कुशंका

माफ करा, पण प्लममध्ये जर्दाळू घालणं हे जीएमच (जनुकं बदललेलं) झालं की. आधी बियाणं, मग भाज्या, आता फळंही प्रयोगशाळेत. ताईंच्या सासूबाईंना माझा पाठिंबा. निसर्गाने जे वेगळं ठेवलंय ते वेगळंच राहू द्यावं.

कोकणचा_फणस

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

पेशीवाला

शंका, नाही हो. प्लुओट जीएम नाही. यात प्रयोगशाळा जवळजवळ नाहीच, आहे तो चिमटा, कुंचला आणि अमर्याद चिकाटी.

जरा मागून सांगतो. ल्यूथर बरबँक हा माणूस १८७५ मध्ये मॅसॅच्युसेट्स सोडून कॅलिफोर्नियातल्या सांता रोझा गावी आला. १८८५ मध्ये त्याने जपानहून प्लमची रोपं मागवली आणि त्यांचे इतर जातींशी संकर करत सुटला. त्यातून १९०६ मध्ये बाहेर पडलेलं फळ म्हणजे सांता रोझा. म्हणजे मृण्मयीताई, तुमच्या सासूबाईंना जे 'धड फळ' वाटतंय ते स्वतःच पक्कं संकरित आहे! प्लम आणि जर्दाळूचा अर्धा-अर्धा संकरही बरबँकनेच करून दाखवला होता, त्याला प्लमकॉट म्हणत.

बरबँकच्या हाताखाली तरुणपणी फ्रेड अँडरसन होता. पुढे त्याने नेक्टरिनवर आयुष्य घातलं. अँडरसनकडे १९५० च्या दशकात उमेदवारी केली फ्लॉइड झायगरने. तिघांची गुरुपरंपराच म्हणा, घराणं म्हणा. झायगरने मोडेस्टोला आपली बाग उभी केली आणि प्लमकॉटला पुन्हा प्लम, त्याच्या पिढीला पुन्हा प्लम असं करत प्लमचा वाटा वाढवत नेला. त्याला नाव दिलं प्लुओट. जर्दाळूकडे झुकलेल्या फळाला एप्रियम. २०२० मध्ये वयाच्या ९४ व्या वर्षी तो गेला, आता मुलं सांभाळतात.

पद्धत अशी: फूल उमलायच्या आधी चिमट्याने त्याचे पुंकेसर काढायचे, हवा तो पराग कुंचल्याने लावायचा. फळ आलं की बी पेरायची आणि वाट बघायची. दरवर्षी हजारो रोपं. त्यातली जवळजवळ सगळी काही वर्षांनी चाखून उपटून टाकायची.

आपल्याकडे दापोलीच्या विद्यापीठाने वेगळं काय केलं? नीलम आणि हापूस यांचा संकर 'रत्ना'. त्या रत्नाला पुन्हा हापूस लावून 'सिंधू', जिची कोय कागदासारखी पातळ. रत्ना खाताना कोणी 'नीलमचं रक्त' म्हणत नाही.

आमरस_आजन्म

आक्षेप! रत्ना खाताना मी म्हणतो. हापूस तो हापूस.

शब्दवेल्हाळ

सासूबाईंना एक गंमत सांगा. फारसीत 'आलू' म्हणजे प्लम. 'आलू बुखारा' म्हणजे बुखारा शहराचा आलू. आणि जर्दाळू? 'जर्द आलू', पिवळा आलू! म्हणजे इराण्यांनी जर्दाळूला पहिल्यापासूनच पिवळा प्लम म्हणून ठेवलंय. पीचला ते शफ्तालू म्हणतात, तोही त्याच गोतावळ्यातला. झायगरने लग्न लावलं ते भाषेच्या लेखी चुलत भावंडांचं.

आंबटचिंबट

मग प्लुओटचं मराठी नाव जर्दाबुखारा! ठराव मांडते.

कोकणचा_फणस

जर्दाबुखारा हे मला पान खाऊन ताप आल्यासारखं वाटतंय.

पेशीवाला

शब्दवेल्हाळ, यात अजून एक भर. बरबँकने कॅलिफोर्नियाला येण्याआधी जे पहिलं नाव कमावलं ते बटाट्यावर. त्या बटाट्याचे हक्क १५० डॉलरला विकून तो निघाला. त्याच बटाट्याचा खरबरीत सालीचा भाऊबंद आज फ्रेंच फ्राइजसाठी अमेरिकाभर लावतात. म्हणजे एकाच माणसाच्या नावावर आलू पण आणि आलूबुखारा पण.

नाना_सहकारनगर

आता मी माझी कर्मकहाणी सांगतो, म्हणजे भारतातले लोक तरी शहाणे होतील.

सहा वर्षांपूर्वी पुण्यात एका प्रदर्शनात प्लमचं कलम घेतलं. विकणाऱ्याने फोटो दाखवला, लालचुटुक फळांनी झाड वाकलेलं. "काका, कुठेही येतं. महाराष्ट्रात टेस्टेड आहे." साडेचारशे रुपये. गच्चीतल्या मोठ्या ड्रमात लावलं, शेणखत घातलं, निंबोळी पेंड घातली. पानं मस्त आली. पुढच्या वर्षी आणखी मस्त पानं आली. तिसऱ्या वर्षी सौ. म्हणाली, "तुमच्यासारखंच आहे, नुसतं वाढतंय." आज सहा वर्षं झाली, फूल नाही. सध्या त्याच्यावर गोकर्णाचा वेल चढवलाय. लांबून बघणारे म्हणतात काय सुंदर निळी फुलं आहेत तुमच्या प्लमला.

पेशीवाला

नाना, दोष तुमचा नाही, पुण्याच्या हिवाळ्याचा आहे. प्लमचे डोळे, म्हणजे फांदीवरचे कोंब, थंडीत झोपतात आणि पुरेशी झोप झाल्याशिवाय नीट उठत नाहीत. साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली हिवाळाभरात किती तास गेले याची बेरीज झाड धरतं, असं समजा. सांता रोझाला असे तीनशे-चारशे तास लागतात. फ्लेवर किंगलाही त्याच्याच आसपास. सॅन होजेला ते होतं. पुण्यात पहाटे दोन-तीन तास गारठलं आणि दुपारी स्वेटर काढला, तर बेरीज होणार कुठून?

कमी थंडीत येणाऱ्या जाती आहेत. पंजाबच्या मैदानात सतलज पर्पल लावतात, त्याला जोडीला काला अमृतसरी लागतो. पण लुधियानाची थंडी आणि सहकारनगरची थंडी यात फरक आहे. 'कुठेही येतं' असं फक्त गवताबद्दल खरं असतं.

नाना_सहकारनगर

म्हणजे झाड सहा वर्षं जागरण करतंय. आता मला त्याची दया यायला लागली.

सोलनवाली_वहिनी

मी हिमाचलमध्ये चौदा वर्षं आहे, मिस्टरांच्या नोकरीमुळे. इथे कोणी आलूबुखारा म्हणत नाही, प्लमही म्हणत नाही. 'पलम'. आणि आश्चर्य वाटेल, पण इथल्या बागांमध्ये जास्तीत जास्त झाड कोणतं, तर हाच तुमचा सांता रोझा! कॅलिफोर्नियातल्या गावाचं नाव कुलूच्या म्हाताऱ्या बागवानाच्या तोंडी 'सेंटा रोजा' म्हणून इतकं रुळलंय, की त्याला ते आपलंच वाटतं.

मार्चमध्ये पानांच्या आधी फुलं येतात. अख्खी उतरण पांढरी. बागवानाचा जीव तेव्हा टांगणीला, कारण गारा आणि पाऊस नेमके त्याच वेळी येतात. जूनमध्ये फळ. मी शेजारच्या बागेत तोडणीला गंमत म्हणून जायचे. पहिल्या दिवशी मी फळं ओढणीला पुसून पेटीत ठेवत होते, तर बागवानाची बायको ओरडलीच. फळावर पांढरट भुकटीसारखा थर असतो ना, तो औषधाचा नाही, फळाचं स्वतःचं मेण असतं. तो शाबूत असला की मंडईत भाव मिळतो, बोटांचे ठसे उठले की शिळा माल समजतात. देठ धरून तोडायचं, दोन बोटांनी, फळाला तळवा लागू द्यायचा नाही. आता मी मुंबईला आले की फळवाल्याकडे आधी ती भुकटी बघते.

सांता रोझाचं एकच दुखणं, तो नाजूक. ट्रकने दिल्ली गाठेपर्यंत निम्मा मऊ पडतो. म्हणून नवीन लावणारे ब्लॅक अंबर, फ्रायर अशा कडक सालीच्या काळ्या जातींकडे वळतात. टिकतात छान. चवीला... असो. आमचा बागवान म्हणतो, "वो ट्रक के लिए है, ये घर के लिए."

बे_एरियातला_बाब्या

वहिनी, तुमच्या बागवानाने एका वाक्यात शंभर वर्षांचा फळधंदा सांगितला. ब्लॅक अंबर आणि फ्रायरही मूळचे इथलेच, कॅलिफोर्नियातले.

शंका_कुशंका

पेशीवाला, जीएम नाही हे मान्य, अभ्यास केला. पण मग पेटंट? मोडेस्टोच्या कुटुंबाने नाव नोंदवून ठेवलंय, काडी तोडून लावली तर गुन्हा. झाड माझ्या अंगणात, पाणी मी घातलं, आणि फांदी माझी नाही? हा कुठला न्याय?

पेशीवाला

हा प्रश्न चांगला आहे, यात मीही निम्मा तुमच्या बाजूने आहे.

अमेरिकेत १९३० साली कायदा झाला. कलमाने वाढणाऱ्या झाडाच्या नव्या जातीला पेटंट. बरबँक १९२६ मध्येच गेला होता. आयुष्यभर तो तक्रार करायचा, की उंदराच्या सापळ्याला पेटंट मिळतं पण नव्या फळाला नाही. त्याच्या पश्चात त्याच्या काही झाडांना पेटंट मिळाली, पण सांता रोझा तोवर गावोगाव पसरला होता. तो कुणाचाच नाही, म्हणून सगळ्यांचा. झायगरच्या वेळी कायदा होता, म्हणून तर तीस-तीस वर्षं वाट बघण्याइतका खर्च परवडला. हजार रोपं उपटून एक ठेवायचं, त्या एकाचीही काडी दुसऱ्याच वर्षी फुकट वाटली गेली तर माणूस खाणार काय?

भारतात २००१ च्या कायद्याने जरा वेगळी वाट काढली. पैदासकाराला हक्क, झाडं-वेलींसाठी १८ वर्षं. पण शेतकऱ्याला स्वतःचं बियाणं राखायचा, पेरायचा, वाटायचा, विकायचाही हक्क ठेवला, फक्त ब्रँडच्या नावाने विकायचं नाही. मला हा तोल जास्त आवडतो.

आणि खरोखरचा जीएम प्लम हवाच असेल तर तोही आहे. नाव हनीस्वीट.

शंका_कुशंका

बघा!! मी म्हटलं नव्हतं?

पेशीवाला

थांबा, पूर्ण ऐका. युरोपात शंभर वर्षांपासून प्लमला एक विषाणू लागतो, 'शार्का'. बल्गेरियन भाषेत शार्का म्हणजे देवी, आपला देवीचा रोग. फळावर आणि पानांवर वलयं उठतात, फळ पिकण्याआधीच गळतं. मावा कीड तो पसरवते, रोगी झाडाची काडी कलमाला वापरली तरी पसरतो. एकदा झाडात शिरला की औषध नाही, झाड उपटायचं आणि जाळायचं. १९९९ मध्ये तो पेन्सिल्वेनियात सापडला, तेव्हा बागाच्या बागा उखडल्या. पूर्ण नायनाट झाल्याचं सरकारने जाहीर करायला २०१९ उजाडलं.

अमेरिकन कृषी खात्याच्या वेस्ट व्हर्जिनियातल्या केंद्रात शास्त्रज्ञांनी त्या विषाणूच्याच आवरणाचा एक जनुक प्लममध्ये घातला. त्यामुळे झाड विषाणूला आधीच ओळखून त्याचा आवाज बंद करतं. ते हनीस्वीट. शेतातल्या चाचण्यांत वर्षानुवर्षं रोगी झाडांच्या शेजारी निरोगी राहिलं. अमेरिकेत परवानग्याही मिळाल्या. पण बाजारात काही ते पसरलं नाही. लोकांना भीती, नर्सरीवाल्यांना लोकांची भीती.

मी कुणाला खा म्हणत नाही. पण 'संकर' आणि 'जनुकबदल' यांना एकाच पोत्यात घालू नका, आणि दुसरा शब्द ऐकला की लगेच देवाचं नावही घेऊ नका.

शंका_कुशंका

विचार करतो. (पण खाणार नाही.)

म्युनिकची_माई

जर्मनीत राहून प्लमच्या धाग्यावर गप्प बसणं शक्य नाही. इथला प्लम वेगळाच, 'त्स्वेचगे'. लांबुळका, निळाजांभळा, गर घट्ट. कापला की आठळी टुणकन वेगळी. सप्टेंबरमध्ये प्रत्येक बेकरीत त्याचा केक: आंबवलेल्या पिठाची चादर, तिच्यावर अर्धे कापलेले प्लम दाटीवाटीने उभे, कौलं रचल्यासारखे. वर दालचिनी-साखर. कितीही खा.

माझ्या शेजारणीने इथल्या झाडाजवळ जपानी प्लम लावला होता, परागासाठी. काही उपयोग झाला नाही. पेशीवाला, का बरं?

पेशीवाला

माई, युरोपियन प्लममध्ये ४८ गुणसूत्रं, जपानीत १६. पत्रिका जुळत नाही. (आणि 'जपानी' प्लम मूळचा चीनचा, पण बरबँकला जपानहून मिळाला म्हणून नाव पडलं.) हनीस्वीटही युरोपियन गटातलाच.

बे_एरियातला_बाब्या

माई, तुमच्या त्या जातभाईंनी आमचं सॅन होजे वसवलंय. १८५६ च्या सुमारास लुई पेलिए नावाच्या फ्रेंच माणसाच्या रोपवाटिकेत फ्रान्सच्या आजाँ भागातल्या प्रूनच्या (सुकवून खायच्या प्लमच्या) काड्या आल्या. पुढची शंभर वर्षं ही अख्खी दरी प्रूनची होती. मी जिथे कोड लिहितो तिथल्या पार्किंगच्या कडेला एक खोड अजून आहे. कोणी छाटत नाही, कोणी पाणी घालत नाही. मार्चमध्ये येडं फुलतं.

आंबटचिंबट

पाककृती कुठे आहे? इतके प्रतिसाद आणि एक पाककृती नाही, मराठी संस्थळ आहे ना हे?

माझी घ्या. दुकानातून आणलेले प्लम आंबट निघाले तर फेकू नका, मेथांबा करा. प्लमच्या फोडी सालासकट. तेलात मोहरी, हिंग, मेथीदाणे चांगले लाल होऊ द्या, हळद, फोडी, झाकण. पाणी घालायचं नाही, फळच सुटतं. मऊ झालं की तिखट, मीठ, गूळ. साल विरघळून असा रंग येतो की ताटात कुंकू सांडल्यासारखं. कैरीच्या मेथांब्याला विसराल असं म्हणणार नाही (आई इथे वाचते), पण पोळीशी चाटून पुसून जातो.

आमरस_आजन्म

प्लमचा मेथांबा! कलियुग.

वसईकर

तुम्ही सगळे प्लम-प्लम करताय, आपला जांभूळ कोणाला आठवला नाही. इंग्रज त्याला जावा प्लम म्हणायचे. आमच्या पालघर जिल्ह्यातल्या बहाडोलीचं जांभूळ बघा: टपोरं, गर जास्त, बी लहान. दापोलीने त्यातूनच 'कोकण बहाडोली' जात निवडून दिली, आणि बहाडोलीच्या जांभळाला आता भौगोलिक मानांकनही आहे. थंडीचे तास नकोत, काही नकोत. नाना, ड्रममधून ते काढा आणि जांभूळ लावा.

नाना_सहकारनगर

जांभूळ ड्रममध्ये? सोसायटीची गच्ची आहे हो, बहाडोली नव्हे.

पेशीवाला

आणि जांभळाचं प्लमशी नातं फक्त रंगाचं. ते लवंगेच्या कुळातलं.

संपादक_मंडळ

अवांतर जरा आवरा. धागाकर्तीचा मूळ प्रश्न झाड कोणतं लावावं हा आहे.

मृण्मयी_सॅनहोजे

बापरे, दोन दिवस आले नाही तर धागा कुठल्या कुठे! सगळ्यांचे आभार.

घरची बातमी. पेशीवाला यांचा बरबँकवरचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला. 'सांता रोझा संकरित आहे' ऐकून चेहरा पडला. मग एकदम म्हणाल्या, "बरबँक? योगानंदांचा बरबँक?" त्यांनी परमहंस योगानंदांचं आत्मचरित्र मराठीत दोनदा वाचलंय, ते पुस्तक म्हणे बरबँकच्याच स्मृतीला अर्पण केलेलं आहे. मी तपासलं, खरंच आहे! तर आता संकराला हरकत नाही, पण बरबँकचाच हवा. झायगरचा नको, कारण त्याची शिफारस कोणी केलेली नाही.

मला मात्र बाब्याने लिहिलेला तो लालभडक गर डोळ्यांसमोरून जात नाहीये. काय करू?

कोकणचा_फणस

ओटा.

बे_एरियातला_बाब्या

ओटा राहू दे. उपाय सोपा आहे: सांता रोझा लाव आणि पुढच्या हिवाळ्यात त्याच्याच एका फांदीवर फ्लेवर किंगची काडी बांध. एकाच झाडावर दोन्ही, जोडीदार शोधायलाही नको. फ्लेवर किंगच्या पेटंटची मुदत कधीच संपली आहे, त्यामुळे शंकासाहेबांनाही शांत झोप लागेल.

काडी मी देईन. इथे जानेवारी-फेब्रुवारीत हौशी फळवाल्यांचे काड्या देवाणघेवाणीचे मेळावेही भरतात, कॅलिफोर्निया रेअर फ्रूट ग्रोअर्सचे. ओल्या कागदात गुंडाळलेल्या काड्या, वर नावाची पट्टी, आणि म्हातारे-म्हाताऱ्या मुलीचं स्थळ सांगावं तशी आपापल्या काडीची माहिती सांगत असतात.

कलम साधं पाचर. झाड जागं व्हायच्या बेताला, फेब्रुवारीअखेर. दोन डोळ्यांची काडी खालून पाचरीसारखी तासायची, फांदीच्या चिरेत बसवायची, एका बाजूची तरी हिरवी साल सालीला भिडली पाहिजे, आणि पट्टीने गच्च आवळायचं. चाकू धारदार नसेल तर करूच नकोस.

शंका_कुशंका

शेवटी या धाग्यावर काडी टाकली कोणी, तर बाब्याने.

मृण्मयी_सॅनहोजे

ठरलं. शनिवारी सांता रोझा आणते. सासूबाई खड्डा खणायला उभ्या राहणार आहेत (म्हणजे नवरा खणणार, त्या उभ्या राहणार).

मृण्मयी_सॅनहोजे

अडीच वर्षांनी धागा वर काढतेय, माफ करा. बाब्याने फोनवर दम दिला, की अहवाल दे.

सांता रोझा लागला. पहिल्या वर्षी लावल्यावर बाब्याच्या सांगण्यावरून काठी गुडघ्याएवढी छाटली, तेव्हा नवरा म्हणाला, पैसे देऊन आणलेलं अर्धं झाड तू कचऱ्यात टाकलंस. दुसऱ्या फेब्रुवारीत बाब्या चाकू घेऊन आला, तीन काड्या बांधल्या. एक वाळली, एक माझ्याच मुलीच्या चेंडूने मोडली, एक जगली.

यंदा मार्चमध्ये झाड पहिल्यांदा अंगभर फुललं. एप्रिलमध्ये सुपारीएवढी फळं झाल्यावर विरळणी करायची होती, दोन फळांत चार बोटांचं अंतर. मला हात धजावेना. पन्नास-साठ फळं स्वतःच्या हाताने तोडून टाकायची? अर्धीच तोडली. शिक्षा लगेच मिळाली, एक फांदी ओझ्याने फाटली. त्या हिरव्या फळांचा आंबटचिंबटच्या कृतीने मेथांबा केला, उत्तम झाला. गूळ जरा जास्त लागला एवढंच.

जूनअखेर फळ पिकलं. पिकलं हे मला कळायच्या आधी खारींना कळलं. त्यांची सवय अशी, की एका फळाचा एक चावा घ्यायचा, टाकायचं, पुढचं घ्यायचं. कुंपणावर रांगेने एकेक चावलेली फळं ठेवलेली. आमच्या वाट्याला एकोणीस आली. सोलनवाली वहिनी, देठ धरूनच तोडली, भुकटीला बोट लागू दिलं नाही. पहिलं फळ मी सिंकशी उभं राहून खाल्लं, रस कोपरापर्यंत. साल आंबट, गर मध, आठळीजवळ पुन्हा आंबट. बाब्या त्याला खोड म्हणतो. मला तोच आवडला.

फ्लेवर किंगच्या फांदीवर दोन फळं आहेत. ऑगस्टपर्यंत टिकवायची आहेत, म्हणून नणंदेच्या लग्नात मसाला-सुपारी वाटायला आणलेल्या जाळीच्या पिशव्या उरल्या होत्या त्या बांधल्यात, एकेका फळाला एक. सासूबाई साताऱ्याहून रोज व्हिडिओ कॉलवर विचारतात, "ते दुसऱ्याचं कसं आहे?" नाव घेत नाहीत. पण कॅमेरा तिकडे वळवायला लावतात.

बे_एरियातला_बाब्या

दोनपैकी एक माझं. काडी माझी होती.

शंका_कुशंका

झाड तिच्या अंगणात, पाणी तिने घातलं, आणि फळ तुमचं? हा कुठला न्याय?

नाना_सहकारनगर

सांता रोझाची एक आठळी पाठवून द्या, कोणी भारतात येत असेल तर. ड्रम तयार आहे.

पेशीवाला

नाना!!!